डाळिंब बंद केलं, बिस्किटं चालू राहिली

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई सोलापुरात राहतात, वय ४७. डिसेंबरात केलेल्या तपासणीत उपाशीपोटीची साखर १०८ आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६.१ निघालं. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह झालेला नाही, पण काठावर आहात. पाच-सहा किलो वजन उतरवा, गोड कमी करा, तीन महिन्यांनी परत बघू." त्याच आठवड्यात मोबाइलवरच्या एका व्हिडिओत त्यांनी ऐकलं की फळातली साखरही साखरच. त्या दिवसापासून फळं बंद. सासऱ्यांची सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. मृग बहाराची फळं दरवर्षीसारखी क्रेट भरून घरी आली, पण यांनी एक दाणा तोंडात टाकला नाही. यजमान मात्र रोज सकाळी त्याच डाळिंबांचा ग्लासभर रस घेतात. "नॅचरल आहे, वरून साखर कुठं घातलीय?" असं त्यांचं म्हणणं. ताईंना संध्याकाळी पाचला कडकडून भूक लागते, तेव्हा चहाबरोबर चार-पाच मारी बिस्किटं होतात. गुरुवारचा उपवास असतो; पूर्वी खिचडीबरोबर पपई किंवा केळं असायचं, आता नुसती साबुदाण्याची खिचडी. दीड महिन्यात वजन अर्धा किलोही हललेलं नाही. संक्रांतीला गावी गेल्या तेव्हा सासऱ्यांनी फळ फोडून हातावर ठेवलं, "औंदा लई गोड निघालंय, खा." यांनी नको म्हटलं. सासरे काही न बोलता उठून बागेकडे गेले. ते ताईंच्या मनातून जात नाही. त्या विचारतात : फळातली नैसर्गिक साखर धरायची की नाही? माझं बरोबर की ह्यांचं?

ताई,

सरळ उत्तर आधी देते. फळातली साखर धरायची. पण ती धरायची म्हणून फळ सोडायचं, असं होत नाही. आणि रसाच्या बाबतीत तुमच्या यजमानांचा हिशेब तुमच्यापेक्षा जास्त चुकतोय.

त्या व्हिडिओत सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती. डाळिंबाच्या दाण्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा असतात. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांतून पोत्यांनी बाहेर पडते ती साखर म्हणजे सुक्रोज, आणि पोटात गेल्यावर तिचेही हेच दोन भाग होतात. रक्तात उतरलेलं ग्लुकोज बागेतून आलं की कारखान्यातून, हे शरीर विचारत नाही. म्हणून 'नैसर्गिक' या शब्दाचा आधार घेऊन कुणी गूळ, मध, खजूर, काकवी कितीही चालते म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. चमचाभर गूळ आणि चमचाभर साखर यांत तुमच्या रिपोर्टच्या दृष्टीने फारसं अंतर नाही.

गफलत होते ती पुढे. साखर एकच म्हणून ती खाण्याचा परिणामही एकच, असं धरून चालणं चुकीचं आहे. साखर एकटी आली की कशात बांधलेली आली, किती वेळात पोटात गेली, आणि तिच्यामुळे पुढची भूक भागली की नाही, यावर खूप काही ठरतं.

तुमच्याच क्रेटमधलं डाळिंब घेऊ. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण १४ ग्रॅम साखर आणि ४ ग्रॅम तंतू म्हणजे चोथा असतो. मध्यम आकाराच्या भगव्या डाळिंबातून साधारण १३० ते १५० ग्रॅम दाणे निघतात. अर्धं डाळिंब खाल्लं, म्हणजे छोटी वाटीभर, तर साखर जाते १० ग्रॅमच्या आसपास आणि चोथा ३ ग्रॅमच्या आसपास. हा चोथा बराचसा दाण्याच्या आतल्या बीत असतो. काही जण दाणे चोखून बी थुंकतात, त्यांनी चांगला भाग टाकून दिलेला असतो. बी चावून गिळायची. एक एक दाणा चावायला दहा मिनिटं तरी जातात, साखर चोथ्यातून हळूहळू सुटते, पोटाला काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं.

आता यजमानांचा ग्लास. २०० मिलिलिटर रसाला दोन-तीन डाळिंबं लागतात, त्यात साखर २५ ग्रॅमच्या आसपास असते आणि चोथा जवळजवळ शून्य. तो एका मिनिटात संपतो आणि अर्ध्या तासाने नाश्ता नेहमीइतकाच होतो. तीन डाळिंबं सोलून, दाणे काढून, चावून खायला सांगा त्यांना. दुसऱ्यातच हात थांबेल. तो जो हात थांबतो ना, तेच अख्ख्या फळाचं काम आहे आणि रस काढताना आपण नेमकं तेच गाळून टाकतो.

यावर एक जुना आणि फार साधा प्रयोग आहे. १९७७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दहा निरोगी माणसांना एकदा अख्खी सफरचंदं, एकदा त्यांचा लगदा आणि एकदा त्यांचा रस दिला. साखर तिन्हींत सारखीच. रसाने पोट सर्वांत कमी भरलं, आणि रस प्यायल्यावर शरीराने साखर खाली आणणारं इन्सुलिन जास्त सोडलं, मग रक्तातली साखर घसरून खाली गेली. अख्ख्या सफरचंदाने तसं केलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शन दिलं, तेव्हा हीच रेघ ओढली. मर्यादा घातली ती 'मोकळ्या' साखरेवर. वरून घातलेली साखर मोकळी, मध मोकळा, आणि फळांचा रसही मोकळ्या साखरेतच धरला आहे. अख्ख्या फळातली साखर त्यात धरलेली नाही. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाने मोकळी साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, जमल्यास २५ ग्रॅमच्या आत, असा तो सल्ला आहे. यजमानांचे २५ ग्रॅम सकाळी आठच्या आत संपतात. त्यांच्या चहाची साखर त्यावर चढते. हे त्यांना भांडून सांगू नका. पत्राचा हा भाग नुसता वाचायला द्या.

"पण मी तर काठावर आहे, मला अख्खं फळ तरी चालेल का?" असं तुम्ही विचाराल. डेन्मार्कमध्ये झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. नुकताच टाइप २ मधुमेह कळलेली ६३ माणसं होती. अर्ध्यांना सांगितलं, दिवसाला किमान दोन फळं खा. अर्ध्यांना सांगितलं, दोनपेक्षा जास्त नको. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या एचबीएवनसीत फरक दिसला नाही, वजनातही नाही. ही माणसं काठावर नव्हती, मधुमेह झालेलीच होती. अभ्यास लहान आहे, त्यावरून फळं कितीही खा असा अर्थ काढता येत नाही. पण दिवसाला एक-दोन फळं खाल्ल्याने रिपोर्ट बिघडेल, या भीतीला त्यातून आधार मिळत नाही. अमेरिकेत जवळपास १ लाख ८७ हजार आरोग्यसेवकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेल्या आणि त्याच वर्षी 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तर द्राक्षं, सफरचंद, ब्लूबेरी अशी अख्खी फळं जास्त खाणाऱ्यांत मधुमेह कमी दिसला आणि रस जास्त पिणाऱ्यांत अधिक. निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष आहे, फळामुळेच असं झालं हे त्याने सिद्ध होत नाही. तरी दिशा कळते.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले, तिच्याकडे येते. फळं बंद केल्याचं तुम्ही पहिल्याच परिच्छेदात, ठळकपणे लिहिलंत. बिस्किटांचा उल्लेख मात्र मध्येच, जाता जाता आला. खिचडीचाही तसाच.

ताई, एक मारी बिस्कीट पाच-सहा ग्रॅमचं असतं. चार बिस्किटांत १६-१७ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पिठूळ आणि गोड मिळून जे शेवटी रक्तात साखर होऊनच उतरतं ते. अर्ध्या डाळिंबात त्याहून कमी. मैद्याच्या बिस्किटात चोथा नावापुरता, आणि पाच बिस्किटांनी कुणाचं पोट भरल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. ती फिकी लागतात, पाकिटावर 'डाएट'ला चालेल असं चित्र असतं, म्हणून ती आपल्या नजरेत गुन्हेगार ठरत नाहीत. डाळिंब गोड लागतं म्हणून पकडलं जातं. जिभेला गोड लागणं आणि रक्तात साखर वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साबुदाणा जिभेला अजिबात गोड नाही, आणि तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं. तुमच्या गुरुवारच्या ताटात चोथा असलेली मोठी गोष्ट होती ती पपई किंवा केळं, आणि तुम्ही नेमकी तीच काढलीत. दाण्याच्या कुटाने खिचडीला थोडा तोल येतो, तोही केवळ कूट सढळ हाताने घातला तर.

चहाचं तुम्ही लिहिलं नाहीत. दिवसात किती कप आणि कपात किती चमचे, हे एकदा स्वतःशी मोजा. दोन चमच्यांचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर. तुम्ही महिनाभर नाकारलेल्या डाळिंबांचा हिशेब या कपांसमोर फार छोटा आहे.

मी हे दोष द्यायला लिहीत नाही. माझ्या आईला मधुमेह होता. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात तिने आंब्याची एक फोड मागितली होती आणि मी दिली नाही. तेव्हा मी आहाराच्या क्षेत्रात नव्हते, मला वाटलं मी तिला जपतेय. त्याच दिवसांत तिच्या ताटात दोन्ही वेळा भाताची मूद होती, ती मी कधी मोजली नाही. त्या फोडीने तिचं काही बिघडणार नव्हतं. म्हणून तुमचे सासरे न बोलता उठून गेले हे वाचताना मला बरं वाटलं नाही.

तेव्हा काय करायचं. संध्याकाळी पाचच्या भुकेपासून सुरुवात करू, कारण तुमचं वजन तिथं अडलेलं आहे. त्या वेळी अर्धं डाळिंब, किंवा एक पेरू, किंवा दोन-तीन फोडी पपई, आणि सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. शेंगदाण्यातल्या प्रथिनांनी आणि तेलाने फळाची साखर आणखी सावकाश उतरते आणि आठ वाजेपर्यंत पोट धीर धरतं. शेंगदाण्यांची मूठ मात्र खरोखर एकच. त्यांत कॅलरी भरपूर. आपल्या घरात शेंगा चटणीची बरणी हाताशी असते आणि चमचा कधी वाढतो ते कळत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. चहा हवाच असेल तर अर्ध्या चमच्याचा घ्या, पण बिस्किटांचा डबा काही दिवस घरातच आणू नका.

फळ जेवणाच्या वर चढवू नका. दोन भाकऱ्या, भात, आमटी झाल्यावर वाटीभर फळ हे जास्तीचं होतं. फळ कशाच्या जागी येतंय ते बघा. बिस्किटांच्या जागी आलं तर फायदा, भाताच्या जोडीला आलं तर नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला साधारण १०० ग्रॅम फळं आणि ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. फळांवर वाद घालणाऱ्या घरांत भाजी किती शिजते, हे कुणी विचारत नाही. तुमच्यासाठी दिवसाला एक ते दोन वेळा फळ, एका वेळी छोटी वाटी, एवढं ठीक आहे.

सगळी फळं सारखी नाहीत, हेही खरं. पेरू या बाबतीत फार गुणी. १०० ग्रॅममध्ये साखर ९ ग्रॅम आणि चोथा ५ ग्रॅमच्या वर. पपई, संत्रं, मोसंबी, सफरचंद निर्धास्त खा, मोसंबी सोलून खा. कलिंगडाचा 'ग्लायसेमिक इंडेक्स' (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचा अंक) जास्त म्हणून लोक घाबरतात, पण त्यात बहुतेक पाणीच असतं, १०० ग्रॅममध्ये साखर ६ ग्रॅम; एप्रिलच्या उन्हात दोन फोडींनी काही होत नाही. करमाळ्याचं केळं खायचं तर लहान आणि फार न पिकलेलं, एक. बार्शीकडचं सीताफळ, चिकू, आंबा यांत साखर दाट. ती बंद करायची नाहीत, अर्धी करायची. द्राक्षं घोसाने नाही, मोजून पंधरा-वीस. आणि बेदाण्याच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. चार किलोच्या आसपास द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा होतो, त्याच्या वजनातली निम्म्याहून जास्त साखरच असते. पंढरपूरकडून कुणी प्रेमाने किलोभर दिला की येता-जाता मुठी भरल्या जातात. दहा दाणे, खिरीत किंवा पोह्यांत, पुरे. शिकरण, मिल्कशेक, फ्रूट सॅलड यांत फळ असलं तरी ते फळ खाणं नव्हे. साखर घातलेला आमरसही नव्हे.

गुरुवारी खिचडी अर्धी करा आणि पपई परत आणा. दही चालत असेल तर वाटीभर दही. वरीच्या भाताऐवजी किंवा खिचडीऐवजी कधी राजगिऱ्याचं थालीपीठ.

तुमचा विश्वास बसावा म्हणून एक गोष्ट घरी करून बघा. शेजारीपाजारी कुणाकडे तरी ग्लुकोमीटर असतो. सुई नवी घ्यायची. एका संध्याकाळी खाण्याआधी साखर मोजा, अर्धं डाळिंब आणि शेंगदाणे खा, पहिल्या घासापासून एका तासाने आणि दोन तासांनी परत मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बिस्किटं आणि नेहमीचा चहा घेऊन तसंच मोजा. तिसऱ्या दिवशी यजमानांना बोलवा आणि त्यांच्या रसाचं मोजा. हे आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, तुमचं काय म्हणतं ते तुम्हाला कळेल आणि तुम्हा दोघांचा वाद परस्पर मिटेल.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन-तीन गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी केळं, नारळपाणी, डाळिंब आपल्या मनाने सुरू करू नये. तिथं प्रश्न साखरेचा नसून पोटॅशियमचा असतो. जे इन्सुलिन घेतात किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांनी फळं किंवा जेवण अचानक बंद केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते; बदल डॉक्टरांना विचारूनच. अशी साखर खाली गेली की तेव्हा मात्र रस किंवा साखरेचं पाणीच लागतं, कारण ते पटकन चढतं. रसाचा खरा उपयोग तिथं आहे. गरोदरपणात साखर वाढलेल्या बहिणींनी फळाचं प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

आणखी एक. डाळिंबाने रक्त वाढतं म्हणून अशक्त मुलींना रस पाजणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. रंग लाल आहे म्हणून तसं वाटतं. नेहमीच्या डाळिंबात लोह फारच कमी असतं. आपल्याच केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने 'सोलापूर लाल' ही जास्त लोह असलेली जात तयार केली आहे, पण ती वेगळी. हिमोग्लोबिन कमी असेल तर पालेभाजी, कडधान्य आणि डॉक्टरांची लोहाची गोळी. डाळिंब खायचं ते ते चांगलं फळ आहे म्हणून.

राहिले तुमचे सासरे. सांगोल्याच्या भागात तेल्या आणि मर रोगाने किती बागा गेल्या, हे तुम्ही घरात पाहिलं असेल. अशा मुलखात ज्या म्हाताऱ्या माणसाने बाग टिकवली, त्याने फळ फोडून सुनेच्या हातावर ठेवलं आणि सुनेने नको म्हटलं. तुम्ही आजारपणाच्या भीतीने म्हटलंत, त्यांना ते कळलं नसेल. त्यांना रिपोर्टबद्दल सांगितलंय का तुम्ही? पत्रावरून वाटत नाही. आज संध्याकाळी फोन करा. सांगा, "मामा, साखर काठावर आलीय म्हणून घाबरले होते, आता रोज अर्धं खाणार आहे." क्रेट नको म्हणा, पंधरा दिवसांनी पिशवीभर पाठवा म्हणा, एवढी फळं घरात एकदम आली की यजमानांचा मिक्सर थांबत नाही. आणि बहाराची शेवटची तोडणी राहिली असेल तर ती कधी आहे ते विचारून त्या दिवशी जा. झाडाखालीच अर्धं फोडून खा, उरलेलं त्यांना द्या.